दात बरे आहेत, मग जबडा का आवळतो?

गोव्यातल्या साखळीच्या बाजूच्या एका गावातून एका मैत्रिणीचं पत्र आलंय. नाव-गाव देत नाही, तिनंच तसं सांगितलंय. पत्र मोठं आहे, त्यातलं मुख्य तेवढं देते.

"ताई, मी ५२ वर्षांची. घरी मिस्टर, सासूबाई आणि मुलगा. मुलगा वेर्ण्याला कंपनीत शिफ्टला जातो. मिस्टरांची दोन वर्षांपूर्वी एंजिओप्लास्टी झाली, त्यांचं पथ्य, गोळ्या सगळं मीच बघते. गेला महिनाभर मला देवळाच्या पायऱ्या चढताना किंवा पाण्याची कळशी आणताना दम लागतो आणि डावीकडचा जबडा कानापासून गळ्यापर्यंत आवळल्यासारखा होतो. पाच मिनिटं बसले की जातो. दाढ असेल म्हणून दाताच्या डॉक्टरकडे गेले, त्यांनी एक्स-रे काढला, म्हणाले दात बरे आहेत. परवा रात्री झोपेतून उठले, मळमळत होतं, अंगाला थंड घाम, पाठीत दोन खांद्यांच्या मध्ये जड जड. ओवा-मीठ खाल्लं, गॅसची गोळी घेतली, अर्ध्या तासानं बरं वाटलं. पाळी ४४ व्या वर्षीच गेली. शुगर बॉर्डरवर आहे असं दोन वर्षांपूर्वी सांगितलेलं. छातीत मात्र दुखत नाही, म्हणून हार्टचं नसेल ना? मिस्टरांना अटॅक आला तेव्हा ते छाती धरूनच बसलेले. माझी आई ५७ व्या वर्षी अंगण झाडता झाडता गेली, सगळे म्हणाले गॅस वर चढला."

पत्राखाली नंबर होता म्हणून आज दुपारी वाचल्या वाचल्या फोन लावला. सगळं बोलून झाल्यावर म्हणते कशी, "हो ताई, जाते, पण चवथ (गणेशचतुर्थी) आठ दिवसांवर आलीय, नेवऱ्या (करंज्या) करायच्यात, माटोळीचं (गणपतीच्या वर फळं-पानं टांगतात तिचं) सामान आणायचंय, चवथ झाली की लगेच जाते." फोन ठेवला आणि लगेच लिहायला बसले. हे तुझ्यासाठी आहे, आणि तुझ्यासारख्या ज्या ज्या "चवथ झाली की", "मुलाची परीक्षा झाली की", "काजूचा सीझन संपला की" म्हणतायत त्यांच्यासाठी पण आहे.

अगो, आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर. छातीत दुखत नाही म्हणून हार्टचं नाही, असं धरून चालू नको. असू शकतं. चढलं, वजन उचललं की येतं आणि बसलं की जातं, हे जे तू लिहिलंयस ते वाचून मी खुर्चीत सरळ होऊन बसले. दाढ दुखत असती तर गरम-थंड लागल्यावर दुखली असती, रात्री आडवी झालीस की ठणकली असती, पायऱ्या चढल्यावरच नेमकी कशाला दुखेल? गॅसचं पण तसंच, गॅस जेवणावर जातो, कळशीवर नाही. आणि परवा रात्रीचं मला जास्त काळजीचं वाटतं, कारण महिनाभर जे कष्ट केल्यावर येत होतं ते आता काहीच काम नसताना, झोपेत आलं. डॉक्टर लोक याला अनस्टेबल एंजायना म्हणतात आणि त्यात वाट बघायची नसते, कारण त्याच्या पुढची पायरी अटॅक असू शकते. मी डॉक्टर नाही, ३१ वर्षं नर्स होते, त्यातली निम्मी कॅज्युअल्टीत, म्हणजे तातडीच्या विभागात, आणि फोनवरून निदान कोणी करू पण नये. वेगळंच काही निघालं तर मला आनंदच होईल. पण ते ईसीजी काढून आणि रक्त तपासून ठरवायचं, ओवा खाऊन नाही.

जबडाच का, ते सांगते, म्हणजे तुला पटेल. हृदय हा स्नायू आहे आणि त्याला स्वतःला रक्त देणाऱ्या नळ्या त्याच्या अंगावरूनच जातात, जेमतेम तीन-चार मिलिमीटर रुंदीच्या, बायकांच्या त्याहून थोड्या बारीक. त्या आतून चरबीनं अरुंद झाल्या की तू बसलेली असताना पुरतं तेवढं रक्त जातं, पण पायऱ्या चढताना हृदयाला जास्त लागतं आणि ते मिळत नाही, मग स्नायू ओरडतो. आता हृदयाकडून येणाऱ्या नसा आणि जबडा, गळा, खांदा, हात, पाठ इथून येणाऱ्या नसा मेंदूकडे जाताना एकमेकींच्या वाटेवर मिळतात, त्यामुळे ओरडतंय हृदय आणि मेंदूला वाटतं जबडा दुखतोय. तुझ्या दाताच्या डॉक्टरनं दात बरे आहेत असं सांगितलं ते खरंच सांगितलं. दुखणं दातात नव्हतंच.

आणि एक गोष्ट, जी फोनवर झाली ती इथं लिहितेच कारण मला ती फार महत्त्वाची वाटते. मी विचारलं, छातीत दुखतं का? तू म्हणालीस नाही. मग विचारलं, बरं, दडपल्यासारखं, कोणी वजन ठेवल्यासारखं होतं का? तर तू पटकन म्हणालीस, "हां, तसं होतं ना, पण दुखत नाही." बघ! कॅज्युअल्टीत मी हे किती बायकांच्या तोंडून ऐकलंय. डॉक्टर विचारतो दुखतं का, बाई खरं सांगते नाही, डॉक्टर पुढे जातो. बायकांना पण अटॅकमध्ये सगळ्यात जास्त वेळा छातीतच काहीतरी होतं, ते अजिबात होत नाही असा जो मेसेज फिरतो तो चुकीचा आहे, पण बाई त्याला दुखणं म्हणत नाही. जड वाटतं म्हणते, आवळतं म्हणते, कोंडल्यासारखं म्हणते, ब्लाउज घट्ट झाल्यासारखं म्हणते. आणि त्याच्यासोबत दम, मळमळ, घाम, जबडा, पाठ, कारण नसताना आलेला थकवा हे पुरुषांपेक्षा जास्त असतं, त्यामुळे छातीतलं त्या गर्दीत हरवतं. शुगरवाल्या बाईच्या नसाच बधिर झालेल्या असतील तर तेवढं पण जाणवत नाही. म्हणून डॉक्टरसमोर बसशील तेव्हा "दुखत नाही" या शब्दांनी सुरुवात करू नको.

माझ्याच घरातलं सांगते. माझी मोठी वहिनी, तेव्हा ५५ ची. संध्याकाळी तिला हनुवटीखाली आवळायला लागलं आणि ओकारी आली. तिनं आधी भात उतरवला, सगळ्यांना वाढलं, भांडी घासली आणि मग दादाला म्हणाली मला कसंतरी होतंय. एका हॉस्पिटलात नेलं, नाव घेत नाही, तिथं एक ईसीजी काढला तो नॉर्मल आला, ऍसिडिटीचं इंजेक्शन दिलं, टेन्शन घेऊ नका म्हणाले आणि घरी पाठवलं. मी त्या दिवशी नाइटला होते, मला कळलं पहाटे. पहाटे चारला परत नेलं तेव्हा ईसीजी पूर्ण बदललेला, रक्तातलं ट्रोपोनिन वाढलेलं, मोठा अटॅक. जगली वहिनी, पण हृदयाचं पंपिंग ३० टक्क्यांवर आलं. आज माडीवर तिचीच खोली आहे आणि ती खालीच झोपते, जिना चढवत नाही. तिनं त्या संध्याकाळी भात उतरवताना हातात धरलेलं ते फडकं, हनुवटीचा घाम पुसून परत भांड्याला लावलेलं, ते दादानं मला इतक्या वेळा सांगितलंय की मी तिथं नसून मला दिसतं.

त्यावरून एक नियम लक्षात ठेव. पहिला ईसीजी नॉर्मल आला म्हणजे सुटलो असं नाही. त्रास चालू असेल किंवा नुकताच होऊन गेला असेल तर ईसीजी परत काढायचा असतो आणि ट्रोपोनिन नावाची रक्ताची टेस्ट काही तासांच्या अंतरानं परत करायची असते, कारण हृदयाच्या स्नायूला इजा झाली की ते रक्तात यायला वेळ लागतो. तू हक्कानं विचार, "डॉक्टर, ट्रोपोनिन करणार ना? परत कधी करणार?" असं विचारण्यात उद्धटपणा काही नाही, चांगल्या डॉक्टरला उलट बरं वाटतं. आणि लॅबवाला पॅकेज देतो म्हणून स्वतःहून टीएमटी, म्हणजे पट्ट्यावर पळवून करतात ती टेस्ट, करायला जाऊ नको. बसल्या जागी त्रास झालेल्या माणसाला आधी पळवत नाहीत.

टेन्शनचं पण बोलूया, कारण तुला कोणी ना कोणी म्हणणारच की मेनोपॉज आहे, टेन्शन आहे. मेनोपॉजचे झटके येतात त्यात अंग गरम होतं, चेहरा लाल होतो, मग घाम. तुला आला तो थंड घाम, चिकट, मळमळीसकट. हे वेगळं. आणि टेन्शन असलं म्हणजे हृदय बरं आहे असं थोडंच असतं! आपल्याकडे म्हणतात ना धसका घेतला, तर धसक्यानं खरोखर हृदय बिघडतं, १९९० साली जपानी डॉक्टरांनी त्याला ताकोत्सुबो नाव दिलं, ऑक्टोपस पकडायचं मडकं असतं तिकडं त्यावरून, कारण हृदयाचा डावा कप्पा तसा फुगलेला दिसतो. तो आजार बहुतेक पाळी गेलेल्या बायकांनाच होतो आणि अगदी अटॅकसारखाच दिसतो. तेव्हा "टेन्शनचं आहे" म्हणून घरी पाठवायचं नसतं, टेन्शनचं असलं तरी तपासायचंच असतं.

आता ते बाळंतपणाचं. पत्रात तू लिहिलं नव्हतंस, मी विचारलं तेव्हा म्हणालीस, "पहिल्या वेळी बीपी वाढलेलं, पायांना सूज, आठव्या महिन्यातच सिझर केलं, पण ते आता कशाला ताई, २८ वर्षं झाली." अगो, तेच तर पाहिजे! गरोदरपणात असं बीपी वाढणं, ज्याला प्रीएक्लाम्प्सिया म्हणतात, ते झालेल्या बाईला पुढच्या आयुष्यात हृदयविकाराचा धोका साधारण दुप्पट असतो. गरोदरपणात शुगर झाली, दिवस भरायच्या आत बाळ झालं, पाळी ४५ च्या आत गेली, पीसीओडी होतं, आमवात किंवा ल्युपस (प्रतिकारशक्ती आपल्याच अंगावर उलटते तो आजार) आहे, हे सगळं हृदयाच्या हिशोबात धरायचं असतं आणि यातलं बरंचसं पुरुषांच्या हिशोबात नसतंच, म्हणून विचारायचं कोणाला सुचत नाही. अमेरिकन हार्ट असोसिएशननं २०११ साली आपल्या गाइडलाइनमध्ये गरोदरपणातलं बीपी आणि शुगर हे धोक्याच्या यादीत घातलं. पण आपल्याकडे बाई बाळंतीण होऊन घरी आली, बीपी उतरलं, की ती फाइल ट्रंकेत जाते आणि परत कोणी बघत नाही. तुझी ती फाइल असली तर काढ. नसली तर तोंडानं सांग, पण सांगच.

आणि आई. आई ५७ व्या वर्षी झाडू हातात असताना गेली. तिचं काय झालं ते आज कोणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही, पण गॅस वर चढून असं कोणी जात नाही बाय. डॉक्टरला सांगताना "गॅस झालेला" असं न सांगता "आई ५७ व्या वर्षी अचानक गेली" एवढंच सांग. आई किंवा बहिणीला ६५ च्या आत आणि वडील किंवा भावाला ५५ च्या आत हृदयविकार झाला असेल तर तो घराण्यातला धोका धरतात.

म्हणजे बघ, तू स्वतःला ठणठणीत म्हणत होतीस आणि तुझ्याकडे आहे काय काय: लवकर गेलेली पाळी, बाळंतपणातलं बीपी, बॉर्डरची शुगर जी दोन वर्षांत परत बघितलेली नाही, अचानक गेलेली आई. पाळी असेपर्यंत इस्ट्रोजेन थोडं राखण करतं, ते गेलं की वाईट कोलेस्टेरॉल वाढायला लागतं. तुझं आठ वर्षांपूर्वीच गेलं. शिवाय शुगर ही बाईच्या हृदयाला पुरुषापेक्षा जास्त नडते. मी विचारलं तुझं बीपी किती असतं, तर माहीत नाही. मिस्टरांचं विचारलं तर म्हणालीस सकाळी १३०-८०, काल रात्री १२६. घरात मशीन आहे, दोन वर्षं तू रोज तो पट्टा त्यांच्या दंडाला बांधतेस, आणि एकदाही स्वतःच्या दंडाला बांधला नाहीस. हे ऐकून मला इतकं वाईट वाटलं की दोन मिनिटं बोलताच येईना.

आता काय करायचं ते नीट ऐक. उद्या नाही, आज. मुलगा चार वाजता घरी येतो म्हणालीस, दिवेलागणीच्या आधी त्याला घेऊन साखळीच्या सरकारी आरोग्य केंद्रात जा, स्कूटरच्या मागे बसून नाही, गाडी करून. जाताना कळशी, पिशवी काही उचलू नको. तिथं गेल्यावर रांगेत बसून नंबरची वाट बघायची नाही, सरळ सांगायचं: "मला चालल्यावर छातीत दडपतं आणि जबडा आवळतो, बसल्यावर जातं, परवा रात्री झोपेत आलं, थंड घाम आला, माझा ईसीजी काढा." एवढं वाक्य पाठ कर. "ईसीजी काढा" हे शब्द त्यात असूदे.

आणि त्याच्या आधीच, किंवा वाटेत, किंवा कधीही, तसंच परत सुरू झालं आणि बसून पाच-दहा मिनिटांत गेलं नाही, तर १०८ लाव. मुलगा येईपर्यंत थांबू नको, शेजारच्याची गाडी शोधत बसू नको. १०८ मध्ये ऑक्सिजन असतो, माणसं शिकलेली असतात, आणि कुठं न्यायचं ते त्यांना माहीत असतं. आपल्याकडे गोव्यात स्टेमी गोवा म्हणून सोय आहे, छोट्या सरकारी दवाखान्यात काढलेला ईसीजी तिथूनच बांबोळीला जीएमसीच्या, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या, हृदयरोग तज्ज्ञांना दिसतो, आणि मोठा अटॅक असेल तर रक्ताची गाठ विरघळवायचं महागडं इंजेक्शन जवळच्या सरकारी हॉस्पिटलातच फुकट देऊन मग पुढे नेतात. साखळीहून बांबोळी म्हणजे रस्ता मोकळा असला तरी पाऊण तास, चवथीच्या बाजाराच्या गर्दीत किती ते तूच सांग. त्या पाऊण तासात स्नायू मरत असतो, आणि मेलेला हृदयाचा स्नायू परत येत नाही. पहिल्या दोन-तीन तासांत उपचार मिळाला तर सगळ्यात जास्त वाचतं. आणि नेमक्या बायकाच दवाखान्यात उशिरा पोचतात, हे जगभर दिसून आलंय.

मिस्टरांच्या स्ट्रिपमधली जिभेखाली ठेवायची गोळी स्वतःच घेऊ नको. बीपी एकदम पडून चक्कर येते. ऍस्पिरिन चावून खायला सांगतात ते बरोबर आहे, पण ते १०८ वाले किंवा डॉक्टर सांगतील तेव्हा, कारण अल्सर किंवा ऍलर्जी असेल तर ती उलटी पडते.

पैशांचं म्हणालीस, मिस्टरांच्या वेळी कर्ज झालं ते अजून फिटतंय. गोवा सरकारच्या दीन दयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड आहे ना, ते रिन्यू केलंय का बघ. तीन माणसांपर्यंतच्या घराला वर्षाला अडीच लाख आणि चार किंवा जास्त माणसं असतील तर चार लाखांपर्यंत असतं, तुमची चार माणसं आहेत. कार्ड संपलेलं असलं तरी आज जायचं थांबू नको, ईसीजीला कार्ड लागत नाही.

समजा एंजिओग्राफी केली आणि म्हणाले मोठ्या नळ्या साफ आहेत, तरी तुझा त्रास खोटा ठरत नाही. बायकांमध्ये कधी कधी मोठ्या नळीऐवजी हृदयातल्या केसासारख्या बारीक नळ्याच नीट उघडत नाहीत, ते एंजिओग्राफीत दिसत नाही, पण त्याला औषध असतं. तेव्हा "काही नाही निघालं" म्हणून घरी येऊन परत ओवा खात बसू नको, मग हा त्रास कशाचा ते विचार.

बाकीच्या वाचणाऱ्या बायकांसाठी थोडं. २००४ साली लॅन्सेटमध्ये इंटरहार्ट नावाचा मोठा अभ्यास आला, ५२ देशांतला, मूळचे केरळचे सलीम युसुफ यांनी तो चालवलेला. त्यात दिसलं की पहिल्या अटॅकच्या धोक्यातला ९० टक्क्यांहून जास्त भाग नऊ गोष्टींवर ठरतो आणि त्या सगळ्या मोजता, बदलता येण्यासारख्या आहेत, तंबाखू, कोलेस्टेरॉल, बीपी, शुगर, पोटाचा घेर, मनावरचा ताण, दारू, भाजी-फळं न खाणं आणि न चालणं. आपल्या भागातल्या लोकांना अटॅक बाकीच्यांपेक्षा लवकरच्या वयात येतो हे पण त्यातच दिसलं. म्हणून पन्नाशीची वाट बघू नका, चाळिशी आली की बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल बघून घ्या, बाळंतपणात त्रास झाला असेल तर त्याच्या पण आधी. कंबर मोजा, परकराच्या नाडीवरून अंदाज नको, शिंप्याची टेप घ्या आणि बेंबीच्या लेव्हलला मोजा, आपल्या बायकांना ८० सेंटिमीटरच्या वर म्हणजे जास्त. आणि मिशेरी. सिगारेट ओढत नाही म्हणून आपण तंबाखूवाल्या नाही असं समजतो आणि सकाळी अर्धा तास मिशेरी लावून बसतो, त्यातली निकोटीन हिरड्यांतून रक्तातच जाते. पत्र लिहिणारीला विचारलं, ती लावत नाही, तिच्या सासूबाई लावतात.

जेवणाचं एवढंच म्हणेन की शीत-कोडीला, म्हणजे भात आणि नारळाच्या कालवणाला, घाबरू नका. तारले, बांगडे हे हृदयाला चांगलेच, कोडीत खाल्ले तर. तव्यावर रवा लावून तेलात पोहवले की तो फायदा कमी होतो. नारळ कोडीपुरता ठीक आहे, पण खोबरेलात सगळं तळायचं आणि ते आपलं पारंपरिक म्हणून चालतं असं म्हणायचं, ते बरोबर नाही, त्यानं कोलेस्टेरॉल वाढतं. खरी अडचण मिठाची आहे, दिवसाला सगळं मिळून एक चहाचा चमचा, ५ ग्रॅम, त्याच्या आत रहायचं आणि पावसाळ्यात आपल्या ताटात खारें (खारवलेली सुकी मासळी), किसमूर (सुक्या मासळीची कोशिंबीर), मिठातली तोरं (कैऱ्या), पापड, लोणचं एकाच जेवणात असतं. आणि उरलेलं संपवायची जी सवय असते ना, सगळे जेवल्यावर पातेल्यातली शेवटची कोडी आणि ताटातला भात वाया नको म्हणून, ती सोडा. घरकाम होतं म्हणजे व्यायाम होतो असं पण नाही, आठवड्याला दीडशे मिनिटं दम थोडा वाढेल असं चालणं लागतं. पण तू नाही हं! तुझी तपासणी होईपर्यंत चालायला बिलायला जायचं नाही.

आता घरातल्या पुरुषांना. दादा, म्हणजे हिचे मिस्टर, तुम्हाला अटॅक आला तेव्हा हिनं गाडी बोलावली, हिनं सही केली, दोन वर्षं हिनं मीठ मोजून घातलं. आज संध्याकाळी तिच्यासोबत तुम्ही पण जा. आणि घरी राहिलेल्या नेवऱ्या, करंजीच्या साच्यात घालून करायला पुरुषाला पण येतात, नाही आल्या तर साखळीच्या बाजारात विकत मिळतात, गणपतीला चालतात. आणि तू रे बाबा, हिचा मुलगा, माटोळीचं सामान तू आण, सुपारीचा घोस, तोरिंग, कवंडळ, आंबाडे, काय काय लागतं ते आईला आत्ताच विचारून कागदावर लिहून घे, फोनमध्ये नको, कागदावर, कारण आईला आज रात्री ठेवून घेतलं तर आजीला ते वाचता आलं पाहिजे.

सासूबाई एकट्या कशा रहातील म्हणून अडलीयस, ते पण कळलं मला. शेजारची वहिनी बसते म्हणालीय ना, तिला आत्ता हाक मार. चारला तयार रहा, बाळंतपणाची फाइल आणि शुगरचा जुना रिपोर्ट पिशवीत घाल, ती पिशवी मुलाच्या हातात दे. ईसीजीचा कागद हातात आला की फोटो पाठव, कितीही वाजले तरी चालेल, मी फोन जवळ घेऊन बसलेय.